कॉलचा आवाज कुठून जातो : स्मार्टफोनच्या मुक्तस्रोत ऑडिओ ड्रायव्हरची रचना

जुन्या स्मार्टफोनवर लिनक्स चढवणाऱ्याला पडदा उजळला, वायफाय जोडले गेले आणि गाणे वाजले की काम संपत आल्यासारखे वाटते. मग तो फोन लावतो. समोरचा ‘हॅलो’ म्हणतो, पण तो आवाज कानाशी न येता मागच्या स्पीकरमधून खोलीभर ऐकू जातो. किंवा आपले बोलणे पलीकडे पोचतच नाही. किंवा पोचते, पण पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज उलटून ऐकू येतो. गाणे वाजवणारा ड्रायव्हर जागेवर असूनही कॉल बिघडतो, याचे कारण फोनमधल्या आवाजाच्या मांडणीत आहे. ऑडिओ ड्रायव्हर लिहिण्यातले बहुतेक कष्ट आवाजाचा मार्ग आखण्यात जातात. हा मार्ग बोर्डावरच्या तारांनी ठरलेला असतो. म्हणून मुक्तस्रोत ऑडिओच्या बाबतीत कोड जितका खुला हवा, तितकाच बोर्डाचा नकाशाही खुला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे सगळे विवेचन या मताच्या आधारासाठी आहे.

तारा आणि घड्याळे

फोनमध्ये आवाज बाहेर पडण्याच्या जागा किमान चार असतात : कानाशी धरायचा इअरपीस, मोठा स्पीकर, हेडफोन आणि ब्लूटूथ. आत येण्याच्या जागा दोन-तीन : हनुवटीजवळचा माइक, आजूबाजूचा गोंगाट टिपणारा दुसरा माइक, आणि हेडसेटचा माइक. आवाज पुरवणारेही एकापेक्षा जास्त असतात. मुख्य प्रोसेसर गाणी आणि सूचना पुरवतो, मोबाइल नेटवर्कशी बोलणारा मोडेम कॉलचा आवाज पुरवतो, काही फोनांत एफएम रेडिओही असतो. या सगळ्यांच्या मधोमध कोडेक बसतो. डिजिटल आकड्यांचे विद्युत लहरींत आणि लहरींचे आकड्यांत रूपांतर तो करतो, पण त्याच्या पोटात मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि डझनावारी स्विचही असतात. मोठ्या जंक्शनवर सांधे बदलून गाडी हव्या त्या रुळावर घालतात, तसे हे स्विच आवाजाला वाट देतात. ड्रायव्हर म्हणजे तिथला सांधेवाला.

कोडेककडे दोन प्रकारच्या तारा येतात. नियंत्रणाच्या तारा, बहुधा आयटूसी, त्याच्या रजिस्टरांत आकडे लिहितात. प्रत्यक्ष आवाज मात्र वेगळ्या तारांवरून येतो. त्यासाठी फिलिप्सने १९८६ मध्ये मांडलेली आयटूएस पद्धत आजही सर्रास वापरतात. तिच्यात एका तारेवर बिटचे घड्याळ, दुसरीवर डावे-उजवे सांगणारे घड्याळ आणि तिसरीवर आवाजाचे बिट असतात. सेकंदाला ४८,००० नमुने, दोन बाजू आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट धरले, तर बिटचे घड्याळ सेकंदाला १५,३६,००० ठोके देते. कोडेकला याखेरीज एक मुख्य घड्याळ लागते, आणि ते पुष्कळदा नमुन्यांच्या वेगाच्या २५६ पट असते. ४८,००० साठी ते १,२२,८८,००० हर्ट्झ होते, सीडीच्या ४४,१०० साठी १,१२,८९,६००. हे दोन्ही आकडे एकाच स्फटिकापासून साध्या भागाकाराने मिळत नाहीत, म्हणून मध्ये पीएलएल, म्हणजे घड्याळाचा वेग बदलून देणारे सर्किट, लागते. त्याची मांडणी चुकली तरी गाणे वाजतेच, आणि इथेच नवखा माणूस फसतो. ४४,१०० च्या वेगाचे ध्वनिमुद्रण ४८,००० च्या घड्याळावर गेले की ते जवळजवळ नऊ टक्के भरभर चालते. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनच्याही वर सरकते. स्वरांची जाण असलेल्याला हा दोष पहिल्या ओळीतच कळतो. बाकीच्यांना तो मोजूनच सापडतो.

तीन तुकडे

यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला अल्सा हा ध्वनिव्यवस्थेचा प्रकल्प २००२ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत आला. तोपर्यंतची ओएसएस ही जुनी व्यवस्था त्याने हळूहळू बाजूला सारली. पण अल्साचा साचा संगणकाच्या साउंड कार्डाचा होता. कार्ड एक, ड्रायव्हर एक. हातात धरायच्या उपकरणांत हा हिशेब मोडतो, कारण तिथे प्रोसेसर एका कंपनीचा, कोडेक दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांना जोडणारा बोर्ड तिसऱ्याचा असतो. वुल्फसन कंपनीच्या डब्ल्यूएम८७३१ या एकाच कोडेकसाठी लिनक्समध्ये चार वेगवेगळ्या प्रोसेसरांचे चार वेगळे ड्रायव्हर होऊन बसले होते. एकात दुरुस्त झालेली चूक बाकीच्या तिघांत तशीच राहायची.

एडिंबराच्या वुल्फसनमध्ये काम केलेले लियम गर्डवुड यांनी यावर काढलेली आणि पुढे तिथल्याच मार्क ब्राउन यांनी त्यांच्यासोबत जोपासलेली तोड म्हणजे अल्सा सिस्टिम ऑन चिप, थोडक्यात एसॉक. २००७ च्या सुमारास ती मुख्य कर्नलमध्ये रुजली. तिने ड्रायव्हरचे तीन तुकडे केले. कोडेकचा तुकडा फक्त कोडेकची रजिस्टरे जाणतो, त्याला प्रोसेसर कोणता हे ठाऊक नसते. प्लॅटफॉर्मचा तुकडा प्रोसेसरची आयटूएस यंत्रणा आणि स्मृतीतून आवाज परस्पर हलवणारा डीएमए सांभाळतो, त्याला कोडेक ठाऊक नसतो. तिसरा, मशीनचा तुकडा, या विशिष्ट फोनात कोणाचे कोणाशी नाते आहे ते सांगतो. पहिले दोन एकदा लिहिले की सगळ्यांच्या कामी येतात, तिसरा प्रत्येक फोनसाठी नव्याने लिहावा लागतो. लिनक्सच्या ऑडिओत इतका दूरवर पोचलेला दुसरा निर्णय मला दिसत नाही. ज्ञानाचा जो भाग सर्वांचा होऊ शकतो आणि जो एका बोर्डापुरता असतो, त्यांची हद्द या रचनेने ठरवून दिली.

कोडेकचा तुकडा जवळून पाहू. ओपनमोको या खुल्या फोन-प्रकल्पाच्या २००७ च्या निओ १९७३ आणि २००८ च्या फ्रीरनर या फोनांत वुल्फसनचा डब्ल्यूएम८७५३ होता. त्याला दिलेली प्रत्येक आज्ञा १६ बिटांची असते : पहिले ७ बिट रजिस्टरचा क्रमांक, उरलेले ९ बिट त्यात भरायची किंमत. वुल्फसनच्या काही जुन्या चिपांत रजिस्टरात लिहिता येते, पण वाचता येत नाही. अशा रजिस्टरातला एकच बिट बदलायचा तर बाकीचे आठ काय आहेत हे आधी ठाऊक हवे, म्हणून कर्नलला प्रत्येक रजिस्टरची प्रत स्वतःजवळ जपावी लागते. प्रत्येक कोडेकसाठी असा साठा वेगळा लिहिण्याचा कंटाळवाणा उद्योग एसॉकमध्ये एका जागी आणला गेला, आणि त्यातूनच मार्क ब्राउन यांनी २०११ मध्ये रेगमॅप ही सर्वसाधारण यंत्रणा उभी केली. बॅटरी आणि विद्युतपुरवठ्याच्या चिपांचे ड्रायव्हरही आज तिच्यावर चालतात. आवाजाच्या गरजेतून निघालेली सोय साऱ्या कर्नलला पुरली.

एसॉकचे दुसरे मोठे अंग म्हणजे डॅपम, वीज वाचवणारी यंत्रणा. आधीचे ड्रायव्हर आवाज वाजवायचा म्हटला की अख्खा कोडेक जागा करत. संगणकाला ते परवडते, खिशातल्या बॅटरीला परवडत नाही. डॅपममध्ये कोडेकचा प्रत्येक अवयव एक घटक म्हणून नोंदवतात आणि घटकांमधले रस्ते लिहून देतात. मग उगमापासून टोकापर्यंत पूर्ण झालेल्या रस्त्यावरचे घटकच यंत्रणा जागे करते. वाटेतला एक स्विच बंद असला की त्या वाटेवरचे बाकी सगळे झोपलेले राहतात. नवशिक्याला छळणारी पुष्कळशी शांतता इथूनच येते : प्रोग्राम म्हणतो गाणे चालू आहे, डीएमए फिरतो आहे, पण एक रस्ता अपुरा असल्याने ॲम्प्लिफायरला वीजच मिळालेली नसते.

घटक जागे करण्याचा क्रमही सांभाळावा लागतो. ॲम्प्लिफायर आधी आणि त्याच्या मागचा रूपांतरक नंतर चालू केला, तर मधला व्होल्टेजचा झटका हेडफोनमध्ये ‘टक्’ असा वाजतो. गाणे थांबल्यावर लगेच सगळे बंद केले, तर दोन गाण्यांच्या मधल्या क्षणीही तोच आवाज होतो. म्हणून डॅपम सर्वसाधारणपणे पाच सेकंद वाट पाहून मग वीज काढते.

मशीनचा तुकडा, म्हणजे नकाशा

आज मशीनचा तुकडा बहुधा सी भाषेत लिहीत नाहीत. डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनपत्रात तो मांडतात. पाइन६४ ने २०२० पासून विकलेल्या पाइनफोनचे वर्णन वाचण्याजोगे आहे. आधी टोकांची यादी येते : आतला इअरपीस, आतला स्पीकर, हेडफोनचा जॅक, आतला माइक, हेडसेटचा माइक. मग रस्ते येतात. इअरपीस कोडेकच्या इअरपीस टोकाला जोडलेला. स्पीकर मात्र सरळ जोडलेला नाही. कोडेकच्या लाइन-आउटमधून आवाज एका वेगळ्या ॲम्प्लिफायरला जातो, आणि त्या ॲम्प्लिफायरला जागे करायला प्रोसेसरची एक स्वतंत्र पिन लागते. आतला माइक पहिल्या माइक-टोकाला, हेडसेटचा दुसऱ्याला. दहा-बारा ओळींत सगळे आटोपते.

या ओळी लिहिण्यासाठी लागणारी माहिती मात्र कोडच्या बाहेर असते. ॲम्प्लिफायर जागा करणारी पिन कोणती हे कोडेकच्या माहितीपत्रकात मिळत नाही, ते बोर्डाच्या नकाशातच सापडते. पाइन६४ ने पाइनफोनचे नकाशे प्रसिद्ध केले आहेत, म्हणून हे काम अनेकांना घरबसल्या करता आले. नकाशा नसेल तर वळसा घालावा लागतो. फोनवरच्या मूळ अँड्रॉइडमध्ये मिक्सरचे मार्ग सांगणारी एक्सएमएल फाइल असते, आणि टायनीअल्सा या छोट्या संचातले टायनीमिक्स हे साधन सगळ्या स्विचांची त्या घडीची स्थिती छापून देते. इअरपीसवर आवाज चालू असताना एक यादी काढायची, स्पीकरवर असताना दुसरी, आणि दोन्हींतला फरक पाहायचा. कर्नल जीपीएल परवान्याखाली असल्यामुळे त्याचा स्रोत कंपनीला द्यावाच लागतो, पण कर्नलवरचा अँड्रॉइडचा हार्डवेअर-थर पुष्कळदा बंदच राहतो. त्यामुळे स्विचांची नावे हाती येतात, त्यांच्या मांडणीमागचा विचार आपण तर्काने उभा करायचा.

कॉल

कॉलचा आवाज मोडेममध्ये जन्मतो. तो कोडेकपर्यंत कसा पोचतो, याचे लिनक्स चालणाऱ्या फोनांत निदान चार प्रकार दिसतात, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर निराळा होतो.

ओपनमोकोच्या फोनांत मोडेमच्या ॲनालॉग तारा सरळ डब्ल्यूएम८७५३ ला जोडल्या होत्या. कॉल चालू असताना मुख्य प्रोसेसरला आवाजाला हातही लावावा लागत नव्हता, फक्त सांधे बदलायचे. त्यासाठी मिक्सरच्या सगळ्या किमतींची एक फाइल असे : कॉलसाठी एक, स्टिरिओ गाण्यांसाठी दुसरी, आणि प्रसंग बदलला की अख्खी फाइल चढवायची. पद्धत ढोबळ होती, पण चालत होती. मात्र ॲनालॉग तारेत जीएसएमच्या प्रक्षेपणाची गुणगुण शिरते, आणि फ्रीरनरच्या पहिल्या फोनांत पलीकडच्या माणसाला ती ऐकू यायची. कितीही ड्रायव्हर लिहिले तरी ती जाईना. उपाय अखेर बोर्डावर डाग देऊनच करावा लागला.

पाइनफोनमध्ये ही जोडणी डिजिटल आहे. क्वेक्टेल ईजी२५-जी हा मोडेम ऑलविनर ए६४ मधल्या कोडेकच्या दुसऱ्या ध्वनिद्वाराला जोडलेला आहे, आणि आवाज प्रोसेसरच्या स्मृतीत न येता तिथूनच पुढे जातो. ए६४ च्या कोडेकचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून होता, पण त्याला पहिलेच ध्वनिद्वार ठाऊक होते. गाण्यांपुरते तेवढे पुरे होते. कॉलसाठी दुसरे आणि ब्लूटूथसाठी तिसरे द्वार नव्याने लिहावे लागले. शिवाय इथे दोन्ही टोकांनी एकाच वेगाचे घड्याळ धरले पाहिजे, कारण मोडेम ८,००० नमुन्यांचा आवाज देतो आणि गाणी ४८,००० ची असतात. मोडेमचे टोक क्यूडीएआय या एटी आज्ञेने जुळवतात. म्हणजे ऑडिओ ड्रायव्हरचा अर्धा करार कर्नलच्या बाहेर, मोडेमच्या आज्ञावलीत असतो.

प्युरिझमच्या लिब्रेम ५ मध्ये कोडेक आणि मोडेम एकमेकांना जोडलेलेच नाहीत. डब्ल्यूएम८९६२ हा कोडेक एका वाटेने प्रोसेसरकडे येतो, बीएम८१८ हा मोडेम दुसऱ्या वाटेने. कर्नलला मोडेम म्हणजे एक आणखी साउंड कार्ड दिसते. त्याचा ड्रायव्हर बघण्यासारखा आहे : त्यात एकही रजिस्टर नाही, आवाज कोणत्या वेगाने आणि किती बाजूंनी येतो एवढेच तो जाहीर करतो, आणि संपतो. दोन कार्डांमधली ये-जा वापरकर्त्याच्या पातळीवरचा प्रोग्राम करतो. नोकियाच्या २००९ च्या एन९०० मध्येही कॉलचा आवाज मुख्य प्रोसेसरमधूनच जात असे. या रचनेत प्रतिध्वनी घालवणे, आवाज स्वच्छ करणे, ध्वनिमुद्रण करणे, सगळे आपल्या हातात येते. त्याची किंमत विलंबात मोजावी लागते. १,०२४ नमुन्यांचा एक घास ४८,००० च्या वेगाला २१ मिलिसेकंद खातो. जाताना-येताना असे दोन-तीन घास साठले की संभाषणात अडखळ जाणवते, आणि घास फार लहान केले की गडबडीत असलेला प्रोसेसर वेळ चुकवतो व आवाज तुटतो. तरीही मला हीच रचना सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण आवाज कुठे आहे हे इथे प्रत्येक क्षणी पाहता येते.

चौथा प्रकार आपल्या घरोघरी आहे. क्वालकॉमच्या चिपांत ऑडिओचे गणित करणारा वेगळा प्रोसेसर, डीएसपी, असतो आणि मोडेमही त्याच चिपवर असतो. कॉलचा आवाज आतल्या आतच फिरतो. लिनक्स फक्त निरोप पाठवतो : हे द्वार उघड, हा वेग धर, कॉल सुरू कर. गाण्यांसाठीचे निरोप पाठवणारे ड्रायव्हर लिनारो या संस्थेतल्या श्रीनिवास कंदगटला यांच्या कामातून २०१८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आले. त्यामुळे पोको एफ१ किंवा वनप्लस ६ सारख्या स्नॅपड्रॅगन ८४५ च्या फोनांवर गाणे वाजवण्याचा पाया तयार झाला. कॉलचे निरोप पाठवणारा क्यू६व्हॉइस हा तुकडा मात्र दीर्घकाळ मुख्य कर्नलबाहेरच राहिला. तो स्नॅपड्रॅगन ४१० च्या जुन्या फोनांवर काम करणाऱ्यांनी जोपासला. डीएसपीच्या आतला प्रोग्राम बंद आहे, त्याचे कॅलिब्रेशनही बंद आहे. ड्रायव्हर खुला असूनही आवाजाचा दर्जा ठरवणारी चावी आपल्या हाती नाही, आणि हे मला फार खटकते.

कोणता मार्ग केव्हा

कर्नलने स्विच दिले, पण कॉल आला की कोणते दाबायचे हे त्याने ठरवू नये, असा संकेत आहे. ते काम अल्साच्या यूसीएम या व्यवस्थेकडे असते. तिच्या मजकूर-फाइलींत प्रसंग लिहितात : ‘हायफाय’ आणि ‘व्हॉइस कॉल’. प्रत्येक प्रसंगात उपकरणे येतात, आणि प्रत्येक उपकरणाला चालू करण्याचा व बंद करण्याचा क्रम असतो. इअरपीस आणि स्पीकर एकत्र चालू नयेत, हेही तिथेच नोंदवतात. अल्साच्या वर बसलेला पल्सऑडिओ किंवा अलीकडे पाइपवायर हा ध्वनि-सर्व्हर या फाइली वाचतो, आणि कॉलऑडिओडी हा छोटा सेवक डायल करणाऱ्या ॲपचे ऐकून प्रसंग बदलतो. ओपनमोकोच्या काळातली अख्खी मिक्सर-फाइल चढवण्याची युक्ती इथे शिस्तीत आली. बंद करण्याचा क्रम लिहायचा आळस करणारे पुष्कळ असतात. पहिला कॉल उत्तम होतो, फोन ठेवल्यावर गाणे इअरपीसमधून येते, आणि दोष ड्रायव्हरवर ढकलला जातो.

मोठ्या स्पीकरचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात नुकसानीचा धोका आहे. आजचे फोन आपल्या इवल्या स्पीकरमधून त्याच्या कायमच्या ताकदीपलीकडचा आवाज काढतात. ॲम्प्लिफायर व्होल्टेज आणि प्रवाह मोजत राहतो, त्यावरून कॉइलचे तापमान आणि पडद्याची हालचाल यांचा अंदाज बांधतो, आणि वेळेवर हात आखडता घेतो. हे गणित बंद फर्मवेअरमध्ये असते. एनएक्सपीच्या टीएफए९८९एक्स मालिकेतल्या काही चिपांसाठी २०२१ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलेला ड्रायव्हर आतल्या डीएसपीला बगल देऊन आवाज सरळ पुढे सोडतो. अशा फोनवर आवाजाची कमाल मर्यादा स्वतः खाली ठेवावी, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. जळलेली कॉइल कोणत्याही पॅचने परत येत नाही. ॲपलच्या मॅकवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाने संरक्षणाचे हे गणित खुल्या प्रोग्राममध्ये करून दाखवले आहे, तेव्हा फोनांसाठीही ते अशक्य नाही.

कामाचा क्रम

नवा फोन हाती घेतल्यावर मी आधी हेडफोनने सुरुवात सुचवीन, कारण त्याच्या वाटेत वेगळा ॲम्प्लिफायर क्वचितच असतो आणि चुकीने काही जळत नाही. पाइनफोनवर मात्र मागच्या झाकणाखालच्या सहा छोट्या स्विचांपैकी एक हेडफोनचा जॅक सिरियल कन्सोलला देतो. कन्सोलवर संदेश वाचत असाल तर हेडफोन ऐकू येणारच नाही, हे लक्षात असू द्यावे. अल्साच्या स्पीकर-टेस्ट या साधनाने एकेक बाजू वाजवावी. आवाज नसेल तर कर्नलच्या डीबगएफएसमधली एसॉकची नोंद उघडावी. तिथे प्रत्येक घटक चालू की बंद हे लिहिलेले असते. टोकाकडून उगमाकडे एकेक जोड तपासत गेले की रस्ता जिथे तुटला ती जागा सापडते. सगळे घटक चालू असूनही शांतता असेल तर घड्याळ तपासावे. मग इअरपीस, मग कमी आवाजावर स्पीकर, मग माइक, आणि सगळ्यांत शेवटी कॉल.

कॉलची परीक्षा एका कॉलने होत नाही. बोलता बोलता हेडसेट लावावा, काढावा, स्पीकर चालू करावा, मध्येच दुसरा कॉल येऊ द्यावा, आणि फोन ठेवल्यावर गाणे लावून पाहावे. हे पार पडले की आपला मजकूर मूळ प्रकल्पांकडे पाठवायचा : बोर्डाचे वर्णन कर्नलच्या डिव्हाइस ट्रीत, प्रसंगांच्या फाइली अल्साच्या यूसीएम संग्रहात. कोडेकचा ड्रायव्हर बहुतेक वेळा तिथे आधीच असतो, दुसऱ्याच कोणत्या तरी फोनसाठी कोणी तरी लिहिलेला.